हायब्रिड गाडीवर दीड लाखाची वजावट, असं शोरूममधला सांगतो

नमस्कार. मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. पत्नी दंतवैद्य, तिचा स्वतःचा दवाखाना आहे. चौदा वर्षांची जुनी गाडी काढून स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्हींवर चालणारी) घ्यायचं ठरतंय. एक्स-शोरूम साडेएकोणीस लाख. शोरूममधल्या मुलाने कोटेशनच्या मागे पेनाने लिहून दिलं, ‘८०ईईबी, १.५ लाख सूट’. न्यू जर्सीतला मेहुणा म्हणतो, हायब्रिडवर टॅक्स क्रेडिट मिळतं, त्याने स्वतः घेतलंय. लखनौच्या साडूला गेल्या वर्षी रोड टॅक्सच माफ झाला. ऑफिसातल्या एकाने तर हायब्रिडच्या कर्जावर ८०ईईबी लावून रिटर्नही भरलं, काही झालं नाही. यातलं खरं काय? आणि गाडी माझ्या नावावर घ्यावी की तिच्या?
– स. दे., नाशिक

स. दे., नमस्कार.

कोटेशनच्या मागची ती ओळ आधी खोडून टाका. हायब्रिडला १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०ईईबी लागू नाही, आणि कधीच नव्हतं. २०१९ च्या अर्थसंकल्पात हे कलम आलं ते इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजासाठी. इलेक्ट्रिक गाडी कशाला म्हणायचं हेही त्याच कलमात लिहिलंय: गाडी केवळ विजेच्या मोटरवर चालणारी हवी, आणि त्या मोटरला लागणारी ऊर्जा केवळ गाडीतल्या बॅटरीतून आलेली हवी. ब्रेक दाबल्यावर वीज परत बॅटरीत जाण्याची सोय हवी, अशीही एक अट आहे. ती तुमची हायब्रिड मजेत पूर्ण करते. पण बॉनेटखाली दीड लिटरचं पेट्रोल इंजिन बसलेलं असताना ‘केवळ’ या शब्दातून ती पार होत नाही.

बरं, उद्या तुम्ही मन बदलून शुद्ध इलेक्ट्रिक घेतलीत तरी ही वजावट मिळणार नाही. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असावं लागतं. तेव्हा ज्यांनी घेतलं, त्यांना कर्ज फिटेपर्यंत वजावट चालू राहते. नव्यांना दार बंद. शिवाय नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती तशीही मिळत नाही, आणि तुम्ही मुद्दाम जुनी निवडली नसेल तर तुमच्या कंपनीने तुम्हाला नव्या प्रणालीतच धरलेलं असणार.

त्या मुलाने ‘सूट’ लिहिलं आणि तुम्ही बहुधा दीड लाख रुपये वाचले. ती होती व्याजाची वजावट, म्हणजे उत्पन्नातून वजा होणारी रक्कम. पूर्ण दीड लाख व्याज भरलं आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलात, तर सेससकट वाचणार ४६,८०० रुपये. पंधरा लाखांचं सात वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलंत तर पहिल्या वर्षाचं व्याजच सव्वा लाखाच्या थोडं वर जातं, आणि पुढे दर वर्षी घटत जातं. तेव्हा कलम लागू असतं तरी कोटेशनच्या मागे लिहिलेला आकडा तुमच्या हाती पडला नसता.

मेहुण्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते वेगळ्या गाडीबद्दल बोलतायत. त्यांनी घेतली असणार प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरच्या सॉकेटला लावून चार्ज करायची. तिकडे अशा गाडीवर केंद्र सरकारकडून कमाल ७,५०० डॉलरपर्यंत थेट करातून वजा व्हायचे. तीही सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली. तुम्ही बघताय तशा, प्लग नसलेल्या हायब्रिडला तिकडे २००६ पासून क्रेडिट होतं. पण प्रत्येक कंपनीच्या ६०,००० गाड्या विकल्या गेल्या की ते टप्प्याटप्प्याने आटायचं. टोयोटाचं सप्टेंबर २००७ अखेर संपलं, आणि २०१० अखेर सगळ्यांचंच.

साडूंचंही खरं आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला होता. पण तो त्या राज्यापुरता. लखनौला घेऊन नाशिकला चालवू, असा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. बारा महिन्यांहून जास्त इथे राहणारी गाडी इथे नोंदवावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. वर एनओसीचे हेलपाटे आहेतच.

आपल्याकडे हायब्रिड ही आरटीओच्या लेखी पेट्रोल गाडीच. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के एकरकमी कर, म्हणजे तुमच्या किमतीवर सुमारे २ लाख ३४ हजार. मे २०२५ मध्ये राज्याचं नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण आलं. मोटार वाहन करातली माफी, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवरची टोलमाफी, हे सगळं त्यात बॅटरीवरच्या गाड्यांसाठी आहे. तुम्ही इगतपुरीला समृद्धीवर चढलात की फास्टॅगमधून पैसे कापले जाणारच. कोणी फारच हुज्जत घातली तर एवढंच विचारा: या गाडीला हिरवी नंबर प्लेट मिळणार का? हायब्रिडला पांढरीच मिळते. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात ‘स्ट्राँग हायब्रिड ईव्ही’ असा एक वर्ग दिसतो. त्यातली शेवटची दोन अक्षरं दाखवून कोणी पटवू लागलं तरी त्याने आयकराची व्याख्या बदलत नाही.

आता जीएसटी, कारण ‘सरकारने हायब्रिड स्वस्त केली’ हेही तुम्हाला शोरूममध्ये ऐकवलं गेलं असेलच. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, दर बदलले हे खरं. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के सेस, असे ४३ टक्के होते. आता सरळ ४०. साडेएकोणीस लाखांच्या गाडीत हा फरक चाळीस-बेचाळीस हजारांचा. पण त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवर आधी ४५ टक्के होते, मोठ्या एसयूव्हीवर ५०. त्यांनाही आता ४०च. म्हणजे हायब्रिडला इतरांपेक्षा जी दोन ते सात टक्क्यांची सूट होती, तीच या बदलात गेली. इंजिनाच्या सगळ्याच गाड्या उतरल्या, चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड सगळ्यात कमी उतरली. हे कुठल्या जाहिरातीत येत नाही. १८ टक्क्यांचा दर मिळायला पेट्रोल हायब्रिडची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १,२०० सीसीच्या आत असावं लागतं. साडेएकोणीस लाखांची स्ट्राँग हायब्रिड त्यात बसत नाही. इलेक्ट्रिकवर मात्र पूर्वीही ५ टक्के होते आणि आजही ५च आहेत.

एवढं सगळं ‘नाही’ ऐकवल्यावर, जे आहे ते सांगतो. कोटेशन उलटं करून पुढची बाजू बघा. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग यांच्या मध्ये कुठेतरी ‘टीसीएस १%’ अशी ओळ असेल, १९,५०० रुपयांची. बहुतेक लोक हा आणखी एक कर समजून भरतात आणि विसरतात. तो तुमचाच पैसा आहे. दहा लाखांपेक्षा महाग मोटारगाडी विकताना विक्रेत्याने पूर्ण किमतीवर एक टक्का आयकर गोळा करून सरकारकडे भरायचा, असा आयकराचा नियम आहे (१९६१ च्या कायद्यात कलम २०६सी). फक्त दहा लाखांच्या वरच्या भागावर नाही, सगळ्या किमतीवर. हा पैसा तुमच्या पॅनवर जमा होतो आणि वर्षअखेरच्या करातून पुरता वजा होतो. कर कमी असेल तर परतावा येतो. तुमचा मेहुणा ज्याला क्रेडिट म्हणतो, त्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची चीज हीच. फरक इतकाच की तिकडे सरकार आपल्या खिशातून द्यायचं, इथे तुमचेच घेतलेले परत करतं. आणि हायब्रिड असो, डिझेल असो, सगळ्यांना सारखंच.

हे पैसे हातचे जाऊ नयेत म्हणून थोडं लक्ष ठेवा. पॅन दिला नाही तर टीसीएस एक टक्क्याऐवजी पाच टक्के कापला जातो. बुकिंग एकाच्या नावावर आणि बिल दुसऱ्याच्या, असं झालं की टीसीएस भलत्याच पॅनवर जाऊन बसतो, आणि मग दुरुस्तीसाठी शोरूमच्या अकाउंट्सवाल्यामागे फिरावं लागतं. त्याला गाडी विकून झालेली असते, घाई तुम्हालाच. म्हणून बिलावरचा पॅन पैसे भरण्याआधी अक्षर न् अक्षर वाचून घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या विक्रीचं टीसीएस विवरण विक्रेत्याने १५ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर तुम्हाला २७डी नावाचं प्रमाणपत्र मिळायला हवं. जानेवारी संपता संपता फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून रक्कम दिसते का ते बघा.

गाडी तुमच्या नावावर असेल तर परताव्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदाराला भरलेला टीसीएस कंपनीला कळवता येतो. फॉर्म १२बीएए भरून एचआरला दिलात की ते पगारातून कापायच्या टीडीएसमध्ये तेवढी रक्कम कमी धरतात. डिसेंबरात गाडी घेतलीत तर जानेवारी ते मार्चच्या पगारांत साडेएकोणीस हजार वसूल. एचआरला हा फॉर्म नवा वाटला तर नम्रपणे आग्रह धरा.

आता नाव कोणाचं, हा प्रश्न. तुमच्या नावावर स्वतः विकत घेतलीत तर टीसीएसपलीकडे आयकरात काही नाही. नोकरदाराला स्वतःच्या गाडीचा घसारा (दर वर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट) नाही, कर्जाच्या व्याजाची वजावटही नाही. कंपनीत कार लीजची सोय असेल तर ते गणित निराळं. गाडी कंपनीची, भाडं तुमच्या सीटीसीतून जातं, आणि कामासाठी व घरगुती दोन्ही वापर असेल तर सुविधेचं करपात्र मूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, त्यावरच्या इंजिनाला २,४०० इतकंच मार्च २०२६ पर्यंत धरायचे. ड्रायव्हर दिला तर तेव्हा ९०० वेगळे. इथे हायब्रिडवाल्यांनी इंजिन बघावं: दीड लिटरवाली खालच्या गटात बसते, दोन लिटरवाली वरच्या. ही सोय नव्या करप्रणालीतही चालते. मात्र गाडी नुसतीच घरची कामं करत असेल तर सगळा खर्च तुमच्या उत्पन्नात धरला जातो. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा लागू आहे. इथले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुन्या कायद्याचे, नव्यात ते वेगळे आहेत, आणि नियमांतले आकडेही हलू शकतात. लीज चार-पाच वर्षांची असते, तेव्हा करार करताना या आकड्यांवर फार विसंबू नका.

डॉक्टरबाईंच्या नावावर घ्यायची तर आधी त्यांच्या सीएला एकच गोष्ट विचारा: रिटर्न ४४एडीएखाली जातं का? छोट्या दवाखान्यांचं बहुधा तसंच जातं. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, किंवा रोखीचा हिस्सा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, असली की निम्मी रक्कम उत्पन्न धरून मोकळं व्हायचं. हिशेबाच्या वह्या नकोत, ऑडिट नको. पण मग उरलेल्या निम्म्यात खुर्ची, एक्स-रे मशीन, मदतनिसाचा पगार, गाडीचा घसारा, सगळं आलं असंच कायदा धरतो. वरून गाडीचा एक रुपयाही वेगळा वजा होत नाही. ‘डॉक्टरच्या नावावर घ्या, खर्चात टाकू’ असं सांगणारे हे हमखास विसरतात.

त्या पूर्ण हिशेब ठेवून रिटर्न भरत असतील तरच गाडीचा करात उपयोग आहे. आकडा मांडून बघू. साडेएकोणीस लाख आणि आरटीओचे २ लाख ३४ हजार मिळून २१ लाख ८४ हजार. जीएसटी वेगळा काढून त्याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वळती) घेता येत नाही. दवाखान्याची सेवा करमुक्त आहे, आणि असल्या प्रवासी गाड्यांवर ते क्रेडिट तसंही अडवलेलंच आहे. म्हणून पूर्ण किमतीवर घसारा. दर १५ टक्के. पण गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी निम्मा, आणि दिवाळी उलटून गेल्यावर घेतलेल्या गाडीला निम्माच मिळणार. म्हणजे १,६३,८०० रुपये. त्यातला घरगुती वापराचा वाटा काढावा लागतो. अर्धा वापर दवाखान्याचा धरला तर उरतात ८१,९००, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट कर वाचतो साधारण साडेपंचवीस हजार. त्याच प्रमाणात व्याज, विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंगही खर्चात जातं, ते वेगळं. गाडी एप्रिलमध्ये घेतली असती तर पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा मिळाला असता. पण त्यासाठी चौदा वर्षांच्या गाडीला आणखी एक उन्हाळा ओढायला लावायचा का, हे तुम्ही ठरवा. मी लावणार नाही.

यासाठी गाडी, कर्ज आणि हप्त्याचं बँक खातं, तिन्ही त्यांच्याच नावाचं हवं. घर ते दवाखाना हा फेरा कामाचा मानायचा का, यावर अधिकारी वाद घालू शकतात. दुसऱ्या क्लिनिकला व्हिजिट, डेंटल लॅबला जाणं, शिबिरं, याची साधी वही ठेवली तर ‘अर्धा वापर’ म्हणायला आधार राहतो. आणि एवढ्यासाठी ४४एडीए सोडू नका. ते सोडून निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवायचा म्हटलं की वह्या आणि ऑडिट मागे लागतात. सीएची फी आणि डोक्याचा ताप धरला तर साडेपंचवीस हजार कुठल्या कुठे जातील. पुढे गाडी विकतानाही फरक पडतो. घरगुती वापराची स्वतःची गाडी विकली तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. धंद्याच्या पुस्तकातली विकली की आलेली रक्कम मालमत्तेच्या शिलकी किमतीतून वजा होते, आणि पुढचा घसारा तितका घटतो.

हे सगळं साध्या पेट्रोल गाडीलाही याच दराने लागू आहे, हे लक्षात घ्या. आयकरात हायब्रिड म्हणून वेगळं काही मिळत नाही. घसाऱ्यातही वरचा, ४० टक्क्यांचा दर आहे तो विजेवरच्या गाड्यांना. म्हणून निर्णय पेट्रोलच्या हिशेबावर घ्या. महिन्याला हजार किलोमीटर धरू. हायब्रिडने प्रत्यक्षात वीसचं ॲव्हरेज दिलं आणि साध्या पेट्रोलने चौदाचं, तर वर्षाला अडीचशे लिटरच्या थोडं वर पेट्रोल वाचतं. १०४ रुपये भावाने सत्तावीस हजारांच्या आसपास. दोन्हींच्या किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला नऊ वर्षांहून जास्त लागतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर होत असतील तर पावणेपाच वर्षं. हायब्रिडचा खरा फायदा शहरातल्या रखडणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, द्वारका चौकातल्या रांगेत. मोकळ्या हायवेवर तो बराच कमी होतो. तुमचं अंबडला जाणं-येणं आणि बाईंचा दवाखाना एवढंच असेल तर मला हा अडीच लाखांचा फरक जड वाटतो. गाडी शांत चालते, कमी धूर सोडते, म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्या. ते कारण मला करसवलतीपेक्षा बरं वाटतं.

जुन्या गाडीचं एक राहिलं. एक्स्चेंजमध्ये शोरूम अगदीच कवडीमोल भाव देत असेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रातही विचारून बघा. तिथे गाडी मोडीत काढल्याचं जे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी राज्यांना दिली आहे. आपल्याकडचा चालू दर नाशिक आरटीओत विचारा, आणि एक्स्चेंजच्या भावाशी ताडून मगच जुनीची किल्ली हातातून सोडा.

राहिला तुमचा तो सहकारी. ‘काही झालं नाही’ म्हणजे अजून झालं नाही. रिटर्नमध्ये ८०ईईबी लावायचं तर बँकेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि गाडीचा नोंदणी क्रमांक भरावा लागतो. त्या क्रमांकावरून गाडी कसली आहे ते काढायला अधिकाऱ्याला चहा संपायच्या आत जमेल. चुकीची माहिती देऊन कर कमी दाखवला असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे, व्याज वेगळं. त्यांनी हे २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये केलं असेल तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरून वजावट काढून टाकता येत होती, दंडाशिवाय. ती तारीख हुकली असेल किंवा त्याआधीच्या वर्षाचं असेल तर अपडेटेड रिटर्न भरावं लागेल. त्यात कर आणि व्याजावर पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्या वर्षात ५० टक्के जादा भरावे लागतात, पुढे आणखी चढतात, आणि नोटीस आल्यावर हा रस्ताही अरुंद होतो. त्यांना हे पान दाखवा, आणि उशीर न करता बसायला सांगा.